रविवारची गाडी जपताय, पण रोजच्या गाडीत कोण बसतं?

आजचा विषय वाचून काहींना वाटेल, डॉक्टर गाड्यांवर कधीपासून लिहायला लागले? पण माझ्या ओपीडीत कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी घेऊन येणाऱ्यांशी दोन मिनिटं बोललो की विषय गाडीवर येतोच. रोज किती किलोमीटर, कशावर, कोणत्या रस्त्याने, हे विचारल्याशिवाय कंबरेचं निदान पूर्ण होत नाही. आणि हल्ली हे विचारलं की एक प्रश्न उलट माझ्याकडे येतो. "डॉक्टर, चांगली गाडी आहे, पण रोज काढून कायले खराब करू? रोजच्यासाठी एखादी साधी घेऊन टाकू का?"

मुंबई-पुण्यात हा प्रश्न स्पोर्ट्स कारवाल्यांचा असतो. दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी फक्त शनिवार-रविवारी बाहेर काढायची आणि ऑफिसला जायला एक छोटी हॅचबॅक ठेवायची. महागावात स्पोर्ट्स कार शोधायला गेलात तर दिवस मोडेल, पण प्रश्न तोच आहे. आपल्याकडे त्या जागी थार असते, स्कॉर्पिओ असते, नाहीतर बुलेट. पोळ्याच्या आधी धुऊन-पुसून ठेवलेली, कव्हर घातलेली, माहूरला किंवा लग्नाला जाताना निघणारी. आणि रोज पुसदला नोकरीवर, फुलसावंगीच्या बाजाराला, शेतावर जायला दुसरं काहीतरी. हे दुसरं काहीतरी काय असावं, यावर माझं मत आहे आणि ते गाडीवाल्या मित्रांना आवडत नाही.

मत असं. दुसरी गाडी जरूर घ्या. पुष्कळदा ती तुमच्या कंबरेसाठी चांगलीच ठरते. पण 'कशीही चालेल, रोजचीच तर आहे' असं म्हणून घेऊ नका. कारण रोजचीच तर आहे.

साधं गणित करून बघा. समजा तुम्ही सोमवार ते शनिवार जाऊन-येऊन साठ किलोमीटर करता. आठवड्याचे झाले ३६०. रविवारची सहल शंभर किलोमीटर धरा. म्हणजे तुमच्या दर पाच किलोमीटरपैकी जवळजवळ चार किलोमीटर रोजच्या गाडीत जातात. समोरून चुकीच्या बाजूने ट्रॅक्टर येणं, संध्याकाळी रस्त्यावर बैलगाडी आडवी येणं, नागपूर-तुळजापूर महामार्गावर ट्रॅव्हल्सने कट मारणं, हे सगळं जास्त करून त्या चार किलोमीटरमध्येच घडणार. आणि आपण काय करतो? एअरबॅग असलेली, ब्रेक चांगले असलेली, मजबूत गाडी कव्हरखाली ठेवतो आणि स्वतः पंधरा वर्षं जुन्या डब्यात बसून निघतो. घरात स्टीलचे चांगले ताट पाहुण्यांसाठी आणि आपल्याला पोचे आलेली थाळी, ही आपली जुनी सवय. थाळीच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही.

जुन्या गाडीत नेमकं काय नसतं हे माहीत असलेलं बरं. भारतात प्रत्येक नव्या मोटारीला चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याच वेळी सीट बेल्ट न लावल्यास वाजणारी घंटी आणि ८० च्या पुढे वेग गेल्यावर वाजणारी घंटीही आली. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये यासाठीची एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना लागली. चालकाशेजारच्या माणसासाठी एअरबॅग सक्तीची व्हायला २०२१ साल उजाडलं. याआधीच्या गाड्यांमध्ये या गोष्टी महागड्या मॉडेलला मिळत आणि आपण वापरलेली गाडी घेतो तेव्हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त मॉडेल घेतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या होत्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्या काळातल्या त्या गाड्या आजही आपल्या बाजारात हातोहात विकल्या जातात. उलट २०२० मध्ये आलेल्या थारला त्याच संस्थेने चार तारे दिले. म्हणजे काही घरांमध्ये चार तारे शेडमध्ये उभे असतात आणि शून्य तारे रोज महामार्गावर धावतात.

म्हणून रोजची गाडी जुनी घ्यायची असेल तर २०१९ च्या मध्यानंतर बनलेली घ्या, दोन एअरबॅगची घ्या आणि नोंदणीची तारीख नव्हे तर उत्पादनाचा महिना बघा. रंग उडालेला चालेल. दाराला ओरखडा चालेल. टेप नसला तरी चालेल. बजेट त्यात बसत नसेल तर माझा सल्ला आहे की कव्हरखालची गाडी रोज वापरा. लोखंडाला गंज चढायचा तो चढू द्या.

कंबरेचं काय

आता माझ्या खात्यातला भाग. बसक्या, कमी उंचीच्या गाडीत बसलं की गुडघे नितंबांच्या वर जातात. तसं झालं की ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि कंबरेला आत जो नैसर्गिक बाक असतो तो सपाट होतो. मणक्यांच्या मधल्या चकत्यांवर पुढच्या बाजूने दाब येतो आणि मागच्या बाजूचे बंध ताणले जातात. पंधरा मिनिटं काही होत नाही. रोज दोन तास, तेही खड्ड्यांतून, मग होतं. चकतीला मोठ्या माणसांमध्ये स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीतून द्रव आत-बाहेर होतो, त्यावर ती जगते. एकाच स्थितीत बसून राहणं म्हणजे तिची उपासमार.

त्यात हादरे. बसलेल्या माणसाचं धड साधारण सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देतं. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसं. वाहनांचे आणि ट्रॅक्टरचे बरेच हादरे नेमके याच पट्ट्यात येतात. म्हणून ट्रॅक्टर, ट्रक, एसटी चालवणाऱ्यांना कंबरदुखी जास्त असते आणि म्हणून कडक सस्पेन्शनची गाडी डांबरी महामार्गावर कितीही मजेदार वाटली तरी पांदण रस्त्यावर ती तुमच्या मणक्यातून चालते. थार किंवा बुलेटच्या हौशीला माझी ना नाही. रविवारी एक तास शरीर सहन करतं, रोज दोन तास करत नाही.

तर रोजच्या गाडीत बसून बघताना शोरूममधल्या माणसाचं बोलणं ऐकण्याऐवजी हे करा. दार उघडून सीटवर बसा. सीट घरातल्या खुर्चीच्या उंचीची आहे का? बसताना खाली पडल्यासारखं किंवा वर चढल्यासारखं होतंय का? बसल्यावर गुडघे नितंबांच्या पातळीत किंवा किंचित खाली हवेत. पाठ टेकवून क्लच पूर्ण दाबा. तो दाबताना नितंब सीटवरून सरकत असतील तर सीट पुढे घ्या, आणि पुढे घेऊनही जमत नसेल तर ती गाडी तुमची नाही. पाठीचा कोन नव्वदपेक्षा थोडा जास्त, शंभर ते एकशे दहा अंश, आणि कंबरेच्या पोकळीत टॉवेलची घडी. यासाठी महागड्या गादीची गरज नाही. डाव्या पायात सायटिका असेल किंवा डाव्या गुडघ्याची वाटी दुखत असेल तर क्लच नसलेली गाडी घ्यायला जे थोडे पैसे जास्त लागतील ते औषधाचे पैसे समजून द्या.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांसाठी, जी मी जवळपास रोज सांगतो. तासभर गाडी चालवून उतरलात की लगेच वाकून डिकीतली गोणी उचलू नका. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०. इतका वेळ बसून कंबरेचे बंध सैल आणि लांब झालेले असतात, त्यांना मूळ ताण धरायला थोडा वेळ लागतो. पाच मिनिटं चाला, चहा घ्या, कोणाशी तरी बोला. मग उचला, आणि शक्यतो दोघांनी.

मोटारसायकलवाल्यांना

वर जे लिहिलं ते दोन मोटारी असलेल्यांसाठी झालं. पण महागाव तालुक्यात मला जास्त घरं दिसतात ती अशी: एक मोटार, तीही जपून ठेवलेली, आणि रोजच्या वापराला शंभर सीसीची मोटारसायकल. त्यावर नवरा, बायको, टाकीवर एक लेकरू, मध्ये एक. मोटारीला पेट्रोल परवडत नाही हे मला समजतं. जिथे मोटारसायकल लिटरला साठ किलोमीटर देते तिथे मोटार पंधरा-अठरा देते, आणि सोयाबीनचा भाव काय आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकटं जायचं असेल तेव्हा मोटारसायकल न्या, मी अडवत नाही.

पण आकडेही ऐका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत मेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नीट, पट्टा लावून घातलं तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन काढलेले आकडे आहेत. हे मागे बसणाऱ्या बाईलाही तितकंच लागू आहे, पदर डोक्यावर घेतल्याने कवटी वाचत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्या तालुक्यात तो पट्टा मी अजून एकाही मुलाच्या अंगावर पाहिलेला नाही.

डोक्याला गंभीर मार लागलेल्या माणसाला महागावहून यवतमाळ किंवा नांदेडला न्यावं लागतं. १०८ ची गाडी वेळेवर आली, रस्ता मोकळा मिळाला, तरी तास-दोन तास जातात. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर हे दोन तास सर्वांत मोलाचे असतात. पुण्यातल्या माणसाने हेल्मेट न घालणं आणि महागावातल्या माणसाने न घालणं यात हा फरक आहे. म्हणून निदान लेकरं बरोबर असतील, रात्र असेल, पाऊस असेल किंवा महामार्गावरून जायचं असेल, तेव्हा कव्हर काढा. पाहुण्यांच्या लग्नाला निघते ती गाडी पोराच्या तापासाठी पुसदला निघायला काय हरकत आहे?

उभ्या गाडीचे आजार

गाडी न वापरता ठेवली की ती नवी राहते, हा समज पूर्ण खरा नाही. टायरचं रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं, आणि आपल्या बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर जास्तच. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षांपुढे वापरूच नका. तीन महिने उभी असलेली गाडी, हवा कमी झालेली, जुने टायर, आत सहा माणसं आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२०. टायर फुटण्यासाठी आणखी काय लागतं?

दुसरं, बॅटरी उतरू नये म्हणून शेडचं शटर अर्धं पाडून इंजिन चालू ठेवणारे लोक आहेत. हे करू नका. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं पित्त झालं. गाडी बाहेर काढा, वीस मिनिटं फिरवून आणा. बॅटरीलाही तेच चांगलं आणि ब्रेकलाही.

तिसरं लिहिताना हात जड होतो. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुलं खेळता खेळता घराजवळ उभ्या असलेल्या एका एसयूव्हीत शिरली आणि आत अडकली. एक दिवस शोध चालला आणि ती सापडली तेव्हा जिवंत नव्हती. बंद गाडीतलं तापमान तासाभरात साधारण बावीस अंशांनी वाढतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने तापतं. रोज वापरात असलेल्या गाडीचं दार कोणी ना कोणी उघडतं. कव्हरखालच्या गाडीकडे चार दिवस कोणी बघत नाही, आणि मुलांना लपाछपीला तीच जागा सापडते. गाडी उभी असेल तर कुलूप लावलेली हवी, डिकीसुद्धा, आणि चावी मुलांच्या हाताला लागू नये. मूल दिसेनासं झालं तर विहिरीआधी किंवा निदान विहिरीबरोबर उभ्या गाड्या तपासा.

चौथी गोष्ट गाडीची नाही, चालवणाऱ्याची. रोज हलकी हॅचबॅक चालवणाऱ्या पायाला तिच्या ब्रेकची सवय झालेली असते. रविवारी दुप्पट वजनाची, उंच गाडी हातात येते आणि पहिली दहा-पंधरा किलोमीटर मेंदू जुन्याच अंदाजाने अंतर मोजत असतो. तेवढा वेळ सावकाश चालवा. त्यात रविवार म्हणजे मित्र, मित्र म्हणजे ढाबा, आणि ढाबा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, पण माझ्या दृष्टीने गाडीच्या चावीबरोबर योग्य मर्यादा शून्य आहे.

बेल्टबद्दल

शेवटी बेल्ट, कारण दोन्ही गाड्यांत सर्वांत स्वस्त औषध तेच आहे. ताशी साठच्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण चौदा मीटरवरून, चार मजली इमारतीवरून पडणं. गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुढे बसणाऱ्याचा मृत्यूचा धोका बेल्टमुळे ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो, मागे बसणाऱ्याचा सुमारे २५ टक्क्यांनी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती. पुढच्या दोघांनी बेल्ट लावले होते, ते जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी लावले नव्हते. गाडीचा दर्जा मागच्या सीटपर्यंत पोचायला बेल्टच लागतो. आणि बेल्ट नसताना एअरबॅग मदत करण्याऐवजी तोंडावर ठोसा मारू शकते. म्हणून बारा वर्षांखालचं मूल मागेच बसवा, पुढे मांडीवर तर कधीच नको.

वापरलेली गाडी बघायला जाल तेव्हा पाचही बेल्ट स्वतः ओढून बघा. हळू ओढल्यावर सुरळीत बाहेर यावा, झटका दिल्यावर जागीच अडकावा, सोडल्यावर पूर्ण आत जावा. पट्ट्याच्या कडा उसवलेल्या असतील किंवा मागचे बेल्ट सीट कव्हरखाली गाडून टाकले असतील तर ते बदलून आणि बाहेर काढून द्यायला लावा, मगच पैसे द्या. काही गाड्यांत घंटी वाजू नये म्हणून कुलपात खोटी क्लिप अडकवलेली सापडते. ती तिथल्या तिथे काढून टाका, विकणाऱ्यासमोरच.